हसू आलं की वाक्य काढायचं

माझ्या लिहिण्याला पहिल्यांदा कोणी हसलं ते धसईच्या बाजारात. भाताच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा असलेला एक माणूस हसला. त्याआधी बारा-तेरा वर्षं मी रोज लिहीत होतो आणि ते छापूनही येत होतं, पण त्याखाली माझं नाव नसायचं. मी ठाण्यातल्या एका जनसंपर्क एजन्सीत नोकरीला होतो. ज्या कंपन्यांबद्दल लोक वाईट बोलतात त्यांच्या वतीने चांगलं लिहायचं आणि वर्तमानपत्रांना पाठवायचं, असं ते काम. मी ते मन लावून करायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःला जरा बरा दाखवायला जाईन अशी मला भीती आहे.

मुरबाडच्या बाजूला रंगांची रसायनं बनवणारी एक कंपनी आमची क्लायंट होती. तिच्या मागचा नाला कधी तांबूस, कधी पिवळा वाहायचा. नाल्याकाठी एक लहानशी वाडी होती. तिथले लोक अंगाला खाज सुटते, मासे मरतात, अशा तक्रारी करत होते. गावांशी बोलायला कंपनीने एक माणूस नेमला होता. दामोदर जाधव, निवृत्त शिक्षक, राहणार सापगाव. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत त्यांच्या इतक्या शाळांवर बदल्या झाल्या होत्या, की कुठल्याही एसटीत चढले तरी कोणीतरी उठून त्यांना जागा द्यायचं. कंपनीला त्यांचं हेच हवं होतं. तिथले मॅनेजर साहेब मला म्हणाले, "तुम्ही लिहा, खाली जाधव सरांची सही घ्या. त्यांची सही असली की गाव ऐकतं."

मी सहीच घ्यायला गेलो होतो. सरांनी माझी हाताने लिहिलेली दीड पानांची प्रेसनोट पाहिली, खांद्यावरच्या कापडी पिशवीतून परीक्षेला मुलं वापरतात तसला क्लिपचा पॅड काढला, कागद त्याला लावला आणि म्हणाले, "चला, वाचून येऊ."

"कुठे?"

"ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यात."

कंपनीची गाडी होती. सरांनी ती धसईच्या बाजारापासून चांगली अर्धा किलोमीटर अलीकडे थांबवली. ऊन होतं. मी म्हटलं, आत नेऊ की. ते म्हणाले, "नको. गाडी दिसली की लोक हात जोडतात. मग हसत नाहीत."

मला काही कळलं नाही. बाजारात भाताच्या दुकानापुढे ते उभे राहिले आणि शाळेत धडा वाचतात तशा सावकाश आवाजात माझी प्रेसनोट वाचू लागले. पाच-सहा माणसं जमली. पोत्यांना टेकलेला माणूस मध्येच फस्सकन हसला.

"कशाला हसलास रे?" सरांनी विचारलं.

"काय नाय सर."

"सांग. हे ठाण्यावरून एवढं लिहून घेऊन आलेत."

"ते निसर्गाशी नातं का काय म्हनलात ना. नाल्यात एक मासा नाय उरला, नी नातं कोनाशी जपतात? बेडकाशी?"

सगळे हसले. सरही हसले, अगदी मनापासून. मग त्यांनी खिशातलं पेन काढून ते वाक्य खोडलं आणि पुढे वाचू लागले. "स्थानिकांच्या सर्वांगीण विकासासाठी" याला एक बाई हसली. "अत्याधुनिक यंत्रणा" याला दोघे एकदम. परत गाडीकडे चालताना सरांनी पॅड माझ्या हातात दिला. कागदावर चार ओळी उरल्या होत्या. कारखाना अमुक साली सुरू झाला, एवढे लोक कामाला आहेत, नाल्याबद्दल तक्रार आली आहे, तपास चालू आहे.

"एवढ्याच?" मी म्हटलं.

"एवढ्याच उरल्यात. एवढ्याच द्या."

तोपर्यंत ते मला 'तुम्ही' म्हणत होते. गाडीत बसता बसता त्याचं 'तू' झालं. "तुला राग आला," ते म्हणाले. "येऊ दे. पण अक्षर बरं आहे तुझं."

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती अक्षरावरून. पन्नाशीतला एखादा गृहस्थ पाया पडायला आला की ते म्हणायचे, "तू तो, ज्याचा 'ळ' आडवा पडायचा." गृहस्थ लाजायचा. एका सरपंचाला त्यांनी कंपनीच्या बैठकीत साहेबांसमोर विचारलं होतं, "अजून 'विशेष' लिहिताना दोन्ही श एकसारखेच काढतोस का रे?" आणि सरपंच म्हणाला, "आता सही सोडून काय लिवतच नाय सर." सर कंपनीत चहा घ्यायचे, पण कंपनीच्या बैठकीत कंपनीचं बाटलीतलं पाणी कधी प्यायचे नाहीत. घरून भरून आणलेली प्लास्टिकची बाटली पिशवीत असायची. त्यावर मी त्यांना एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "तसं काही नाही रे, सवय आहे." मला वाटतं तसं काहीतरी होतं. पण त्यांच्याबाबतीत माझे असे कितीतरी अंदाज चुकलेत.

त्या चार ओळींनंतर साहेब भडकले. एजन्सीतूनही फोन आला. गंमत अशी, की त्या चार ओळी छापून आल्यावर वाडीतल्या तक्रारींचा सूर जरा खाली आला. एका वार्ताहराने मला फोन करून सांगितलं की पहिल्यांदाच तुमच्या कंपनीने सरळ लिहिलंय. साहेब खूश झाले. तेव्हापासून मी जे काही लिहीन ते आधी सर वाचून येणार आणि लोक हसतील ती वाक्यं गळणार, असं ठरूनच गेलं.

त्यात मी शिकलो. हे कबूल करायला हवं. लोक कशाला हसतात हे कळलं, की कशाला हसत नाहीत हेही कळतं. "प्रयत्नशील आहे" याला कोणी हसत नाही. "दखल घेण्यात आली आहे" याला कोणी हसत नाही. हळूहळू मी अशीच वाक्यं लिहू लागलो. सर वाडीवरून परत येऊन म्हणायचे, "आज कोणी हसलं नाही. छान लिहिलंस." मी खरं लिहायला शिकतोय की पकडलं न जाणारं लिहायला, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नक्की सांगता येत नाही.

एकदा एसटीची वाट पाहत मुरबाडच्या स्टँडवर बसलो होतो. मी विचारलं, "सर, तुम्हाला ही हसण्याची युक्ती सुचली कशी?"

त्यांनी तानशाची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला ते तानसा तलावाजवळच्या एका गावात शाळेवर होते. तलाव भरलेला, त्यातलं पाणी मुंबईला जायचं, आणि गावातल्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरायच्या. शाळेत एक पाहुणे आले आणि मुलांना म्हणाले, बाळांनो, पाण्याचा एकेक थेंब वाचवायला शिका. सगळा वर्ग हसला. पाहुणे गेल्यावर सरांनी ओळीने सगळ्यांना छड्या मारल्या.

"मोठ्या माणसाला हसतात म्हणून," ते म्हणाले. "एक पोरगी होती, तिच्या हाताला आधीच हंड्याचे घट्टे पडलेले. तिला छडी लागलीच नाही. ती परत हसली. मी परत मारली." मग पिशवीतली बाटली काढून घोटभर पाणी प्याले. "त्यानंतर हसणाऱ्याला मारलं नाही कधी."

असा माणूस त्या कंपनीसाठी काम का करत होता, हे मला कोडंच होतं. एकदा धीर करून विचारलंच. ते म्हणाले, "माझ्या शाळेतली किती पोरं आत कामाला आहेत माहीत आहे? कारखाना बंद पडला तर ती घरी बसतील. आणि चालू राहिला तर माझ्याच पोरी त्या नाल्यावर भांडी घासतात. मी कुणाच्या बाजूने उभा राहू, तू सांग." त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मग मी मध्ये उभा राहतो. निदान मधलं बोलणं तरी खोटं नसावं."

"पण मनाला चालतं का हे, सर? आपलं काम?"

"रविवारी विहारात वंदना असते," ते म्हणाले. "पाच शीलं म्हणतो आम्ही. चौथं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. ते आलं की हल्ली माझा आवाज बारीक होतो. बायको घरी आल्यावर विचारते, घसा बसलाय का?" आणि ते हसले. पण ते धसईच्या बाजारातल्यासारखं हसणं नव्हतं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

त्या उन्हाळ्यात वाडीच्या विहिरीला वास येऊ लागला. बायांनी विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं आणि लांबच्या हातपंपावरून आणायला सुरुवात केली. बातम्या आल्या. कंपनीने पाणी तपासून घेतलं. अहवाल आला, पाणी पिण्यास योग्य. साहेबांनी अहवाल माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "आज चारपर्यंत प्रेसनोट, जाधव सरांच्या सहीने." अहवालात नमुना कुठून घेतला ते नीट लिहिलेलं नव्हतं. मी ते वाचलं आणि विचारलं नाही. मी लिहिलं, 'वाडीच्या विहिरीचं पाणी तपासण्यात आलं असून ते पिण्यास योग्य आहे.'

सरांना ताप होता. ते फोनवर म्हणाले, "मला उठवत नाही. तू वाचून ये. गाडी फाट्यावर ठेव आणि चालत जा."

फाट्यापासून वाडी दोन किलोमीटर आत. चारला मजकूर पाठवायचा होता आणि तीन वाजून गेले होते. मी गाडी थेट वाडीत नेली.

पिंपळाखाली आठ-दहा माणसं उठून उभी राहिली. मी वाचलं. कोणी हसलं नाही. काहींनी हात जोडले. मी ते पाहिलं, आणि सरांचं बोलणं मला आठवलंही. मी कागदाची घडी केली आणि गाडीकडे वळलो. तिथे वाडीतली एक बाई उभी होती, बायजाबाई. साठीची असेल. डोक्यावर हातपंपाच्या पाण्याचा हंडा होता. माझं वाचन तिने वाटेत थांबून ऐकलं होतं.

"इहिरीचं पानी?" ती म्हणाली. "इहिरीचं कवा नेलं रं बाबा?" आणि पदर तोंडाला लावून हसली. हंडा डुचमळून पाणी तिच्या खांद्यावर सांडलं इतकी हसली.

मला थांबून विचारता आलं असतं. दोन मिनिटं लागली असती. मी ड्रायव्हरला म्हटलं, चल. वाटेत सरांना फोन लावला.

"कोणी हसलं?"

"नाही सर."

"गाडी कुठे ठेवलीस?"

"फाट्यावर."

"मग घाल सही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. वाडीत कोणीतरी कात्रण पिंपळाच्या पारावर चिकटवलं. सरांचं नाव बघून बायांनी पुन्हा विहिरीचं पाणी भरायला घेतलं. आठवड्याभरात चार-पाच घरांत उलट्या, जुलाब सुरू झाले. कोणी दगावलं नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की उन्हाळ्यात हे होतंच, नक्की कशाने ते सांगता येत नाही. हे वाक्य मी किती वेळा स्वतःशी म्हटलंय त्याला गणती नाही.

ग्रामसभा लागली. साहेब आले नाहीत, मला पाठवलं. सर आले, तापातून उठलेले, फाट्यापासून चालत. त्यांनी पॅड काढला, त्याला ते कात्रण लावलं आणि सगळं पुन्हा वाचलं, शेवटी स्वतःचं नावही. मग म्हणाले, "ज्याला हसू येतंय त्याने हसा."

कोणीच हसलं नाही. मागून बायजाबाई उठली.

"सर, बाटली भरली ती साळंच्या टाकीतून. ती टाकी कंपनीच्याच टँकरनं भरलेली. त्यांचंच पानी त्यांनीच तपासलं. आमी समद्यांनी बगितलं."

"मग वाचलं तेव्हा बोलली का नाहीस, बायजा?"

"हसले व्हते की. तुमच्या मानसासमोरच हसले व्हते. त्यांना नाय दिसलं का? गाडीपाशीच तं उभी व्हते."

मी सरांच्या मागे उभा होतो. ते वळून माझ्याकडे बघतील म्हणून मी वाट पाहिली. ते वळले नाहीत. त्यांनी पेन काढून कात्रणातलं ते एक वाक्य खोडलं, मग खालचं स्वतःचं नाव खोडलं. "वाचायला मी यायला हवं होतं," ते म्हणाले. "चूक माझी आहे." माझा त्यांनी उल्लेखही केला नाही. मीही केला नाही.

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते निघाले तेव्हा लोक बाजूला झाले आणि त्यांनी सरांना हात जोडले. बायजाबाईनेही जोडले. सर एक क्षण तिथेच थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला नीट सांगता येणार नाही. फाट्यापर्यंत मी त्यांच्या मागे मागे चाललो. ते एवढंच म्हणाले, "आता माझ्यासमोर नाही हसणार कोणी."

काम त्यांनी त्याच दिवशी सोडलं. मी सोडलं नाही. उलट पुढे मी वरच्या हुद्द्यावर गेलो. नव्या मुलामुलींना शिकवताना मी सरांची रीत सांगायचो, मजकूर आधी गावात वाचून बघा, लोक हसतील ते काढा. त्यांना ती फार आवडायची. एका हुशार मुलीने तिला एक छान इंग्रजी नावही दिलं. सरांचं नाव मी कधी सांगितलं नाही. आमच्या प्रेसनोटांना आता कुठेच कोणी हसत नाही.

सहा-सात वर्षांनी, मधुमेह आणि झोपेची गोळी सुरू झाल्यावर, मी सरांना पत्र लिहायला बसलो. तीन पानं झाली. पोस्टात टाकवेना, म्हणून स्वतः घेऊन सापगावला गेलो. गाडी त्यांच्या दारापुढेच लावली.

सर ओटीवर वाल निवडत बसले होते. खूप वाळले होते, पुढचे दोन दात गेले होते. त्यांच्या पत्नीने मला पाण्याचा तांब्या आणून दिला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली तीन पानं पाहिली, आणि म्हणाले, "लिहून आणलंस? वाच मग."

मी वाचू लागलो. 'त्या दिवशी माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता' इथे आलो आणि सर हसले. मोठ्याने, दोन दातांच्या फटीतून. इतक्या वर्षांनी तेच धसईच्या बाजारातलं हसू. मी थांबलो. त्यांनी वालाच्या सुपाखालून तो जुना पॅड ओढून माझ्याकडे सरकवला. मी वाक्य खोडलं आणि पुढे वाचलं. 'माझ्या मनाला ही बोचणी कायम राहील' याला ते हसले. 'परिस्थितीच तशी होती' याला त्यांच्या पत्नीही आतून हसल्या. मी खोडत गेलो. माझे कान तापले होते, पण खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

शेवटी उरलं ते असं. मी गाडी वाडीत नेली होती. बायजाबाई हसली होती. ते मी पाहिलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही.

सर हसले नाहीत. ते बराच वेळ वाल निवडत राहिले.

"बरं आहे," ते म्हणाले. "पण मला कशाला वाचून दाखवतोस? मी कुठं ते पाणी प्यायलो?"

मी पानांची घडी केली.

"वाडीवर जा. पिंपळाखाली वाच. बायजा आहे अजून." मग दारातल्या माझ्या गाडीकडे त्यांनी मान वळवली. "आणि ही लांब ठेव."

मी हो म्हटलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

त्याला दोन वर्षं झाली. सर मागच्या थंडीत गेले. मला उशिरा कळलं. पत्रातल्या उरलेल्या चार ओळींचा तो कागद गाडीच्या खणात आहे. मी दोनदा फाट्यापर्यंत गेलो. एकदा गाडीतून उतरलोही. तिथून परत आलो आणि हे एवढं लांबलचक लिहायला बसलो. सरांसमोर वाचलं असतं तर यातलं किती उरलं असतं, कोण जाणे.

त्या दिवशी सापगावला निरोप घेऊन मी गाडी सुरू केली तेव्हा सर ओटीवरून उतरून रस्त्यापर्यंत आले होते. वळणाआधी मी आरशात पाहिलं. ते रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यांनी हात जोडले होते. जय भीम म्हणायला माणूस जोडतो तसे असतील. मी आरशात त्यांचे ओठ हलतात का ते पाहायचा प्रयत्न केला, पण मागे धूळ उडाली होती. मला एवढंच दिसलं, की ते हसत नव्हते.